सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं उबवू नका

पाळीव सापाची अंडी घरी उबवण्याची एक ‘सोपी पद्धत’ सध्या हातोहात पसरते आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं: अंडं ते अंडं, कोंबडीचं काय नि सापाचं काय. कोंबडीच्या इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशांवर ठेवा, रोज उलटवा, वरून पाणी शिंपडा, पिचकलेलं फेका आणि एका पिल्लाने डोकं काढलं की उरलेली अंडी कापून पिल्लं बाहेर घ्या. यातली जवळजवळ प्रत्येक सूचना पिल्लांच्या जिवावर उठणारी आहे, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

सगळ्यात घातक सूचना उलटवण्याची. खुडूक कोंबडी अंडी फिरवते हे खरंच. पण तिच्या अंड्यात बलक दोन्ही बाजूंनी पीळदार दोऱ्यांना धरून असतो आणि अंडं फिरलं तरी गर्भ पुन्हा वर येतो. सापाच्या अंड्यात असे दोरे नसतात. शिवाय मादी अंडी घालते तेव्हाच आतल्या गर्भाची बरीच वाढ झालेली असते. तो लवकरच वरच्या बाजूला आवरणालगत स्थिरावतो आणि तिथे रक्तवाहिन्यांचं जाळं पसरतं. अशा वेळी अंडं पालथं केलं, तर बलकाचा भार गर्भावर येऊन तो दगावू शकतो. म्हणून अंडी उचलण्याआधीच प्रत्येकाच्या माथ्यावर मऊ पेन्सिलीने खूण करावी आणि ती शेवटपर्यंत वरच राहू द्यावी. बॉल पायथन या पाळल्या जाणाऱ्या अजगराची अंडी एकमेकांना चिकटतात. ती ओढून सुटी करायच्या भानगडीत पडू नये, पुंजका तसाच डब्यात ठेवावा. एखादं अंडं चुकून घरंगळलंच, तर खूण पाहून लगेच पूर्ववत करावं. तेवढ्याने ते वाया गेलं असं समजू नये.

तापमानाचं म्हणणं तर सरळ चूक आहे. कोंबडीच्या अंड्याला ३७.५ अंश सेल्सिअस आणि २१ दिवस लागतात. बॉल पायथनच्या अंड्यांना ३१ ते ३२ अंश आणि साधारण ५५ ते ६० दिवस, कॉर्न स्नेकच्या अंड्यांना २७ ते २९ अंश आणि सुमारे दोन महिने. बर्मीज पायथनची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून, अंग थरथरवून ऊब देते. तीसुद्धा त्यांना ३७ अंशांपर्यंत तापवत नाही. जास्त उष्णतेने गर्भ मरतो, किंवा पिल्लू वाकड्या कण्याचं निपजतं. तापमान बदलून नर-मादी ठरवता येतात, असंही काहीजण त्याला जोडून सांगतात. ते मगरींत आणि बऱ्याच कासवांत घडतं. सापांत लिंग गुणसूत्रांवर ठरतं.

ओलावा हवा, हे मात्र बरोबर. सापाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ असतं. ते भोवतालचं पाणी शोषतं आणि उबवणीत अंड्याचं वजन वाढतं, तर कोंबडीच्या अंड्याचं घटतं. पण अंड्यावर थेंब साचले की कवचातून होणारा श्वास कोंडतो. व्हर्मिक्युलाइट म्हणजे पाणी धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज. त्यात त्याच्याच वजनाइतकं पाणी मिसळावं आणि मुठीत दाबून पाहावं. पाणी गळलं तर ते जास्त झालं. अंडी त्यात अर्धी रुतवून झाकणाच्या डब्यात ठेवावीत, आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा खेळू द्यावी.

पिचकलेलं अंडं मेलेलंच असतं असं नाही. सुरुवातीला खळगा पडला, तर बहुधा कोरडेपणा असतो. भोवतालच्या मिश्रणात कडेने थोडं पाणी घालावं. शेवटच्या दोन आठवड्यांत तर खळगा पडणं स्वाभाविकच. शंका आलीच तर अंधारात टॉर्च लावून पाहावं. लाल शिरा दिसल्या की अंडं जिवंत आहे.

आता कापण्याबद्दल. काही जाणते लोक पहिलं अंडं फुटल्यावर बाकीच्यांना लहानशी खिडकी पाडतात, पण पिल्लू ओढून काढत नाहीत. माझ्या मते नवख्याने तीही पाडू नये. पिल्लू अंडदाताने, म्हणजे कवच फोडण्यासाठीच असलेल्या तात्पुरत्या दाताने, कवच चिरतं आणि बऱ्याचदा एक-दोन दिवस नुसतं नाक बाहेर काढून आत बसतं. त्या वेळात उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. तेव्हा ओढलं तर बेंबीशी रक्तस्राव होतो, बलक बाहेरच लोंबत राहतो. एकाच वेळी घातलेली अंडीही फुटताना एक-दोन दिवस मागेपुढे होतात. तोवर झाकण लावून तापमान तेवढं तपासत राहावं. पिल्लू आपणहून बाहेर आलं की त्याला ओलसर कागदाच्या वेगळ्या डब्यात हलवावं, आणि पहिली कात टाकेपर्यंत खायला घालायची घाई करू नये.