चार क्लिकमध्ये व्हीएम हलत नाही

बडोद्यातल्या आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक संदेश फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला, त्यातला एक दांडिया बाजारातल्या जुन्या मित्राकडून. मजकूर थोडक्यात असा: व्हीएमवेअर सोडा, प्रॉक्समॉक्स फुकट आहे, इम्पोर्ट विझार्डमध्ये चार क्लिक करा, व्हीएम बंदही करावी लागत नाही, जशीच्या तशी उठते, उत्तरायणाच्या (जानेवारीतल्या संक्रांतीच्या) सुट्टीत एका रात्रीत काम उरका, बिनसलं तर जुना सर्व्हर आहेच. व्हीएम म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक. व्हीएमवेअर आणि प्रॉक्समॉक्स ही असे संगणक चालवणारी सॉफ्टवेअरं, आणि इम्पोर्ट विझार्ड म्हणजे एकीकडची व्हीएम प्रॉक्समॉक्सवर आणणारं साधन.

सोडण्याच्या कारणाशी माझं भांडण नाही. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतली आणि डिसेंबरात कायमस्वरूपी परवाने विकणं थांबवलं. दरवर्षी पैसे भरत राहणं मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या दोन सर्व्हरच्या कारखान्याला जड जातं. मी स्वतः अशा लोकांना प्रॉक्समॉक्सवर नेतो, आणि म्हणूनच या संदेशाची काळजी वाटते. तो वाचून कुणीतरी कामगारांच्या पगाराचा सर्व्हर हलवायला घेईल.

‘फुकट’ म्हणाल, तर परवाना फुकट आहे, हे खरं. पण नीट तपासून आलेले अपडेट हवे असतील तर दर सॉकेटमागे, म्हणजे प्रोसेसरमागे, वर्गणी आहे, आणि बिनवर्गणीची रिपॉझिटरी (अपडेटचं कोठार) कामाच्या सर्व्हरला वापरू नका असं प्रॉक्समॉक्सवालेच सांगतात. दोनच सर्व्हरचा क्लस्टर, म्हणजे बहुमताने चालणारा गट, केलात तर आणखी एक गोष्ट लागते. एक सर्व्हर पडला की उरलेल्याकडे दोनातलं एकच मत राहतं, बहुमत होत नाही, आणि त्याच्यावर बंद असलेली व्हीएम सुरूही करता येत नाही. तिसऱ्या मतासाठी एखादं छोटं मशीन क्यूडिव्हाइस म्हणून ठेवावं लागतं. तेवढा खर्च आधीच धरा.

विझार्ड मात्र खरोखर चांगला आहे. एप्रिल २०२४ मध्ये ८.२ आवृत्तीत तो आला आणि आमचा बराच त्रास वाचला. पण तो डिस्क आणतो आणि सेटिंगं जमतील तेवढी जुळवतो, बस. स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या जुन्या स्थितीच्या जपलेल्या प्रती, साठलेले असतील तर फार रेंगाळतो. व्हीसॅनवरच्या, म्हणजे व्हीएमवेअरच्या अनेक सर्व्हरांत वाटलेल्या साठ्यावरच्या, डिस्क त्याला चालत नाहीत. शिवाय एक गिगाबिटच्या नेटवर्कवर सगळं सुरळीत चाललं तरी १ टीबीला अडीच तास लागतात. चार टीबी असतील तर रात्र नुसत्या कॉपीतच जाईल.

‘बंद करावी लागत नाही’ हे तर चूकच. लाइव्ह इम्पोर्टमध्येही जुनी व्हीएम आधी बंदच करायची असते. नवी लगेच सुरू होते आणि डेटा मागून येत राहतो, एवढाच फायदा. मध्येच नेटवर्क तुटलं तर तोवर नव्या व्हीएममध्ये लिहिलेलं सगळं जातं. बिलिंगच्या सर्व्हरला मी हा पर्याय कधीच वापरत नाही.

आता ‘जशीच्या तशी उठते’. विंडोजमध्ये व्हर्टआयओचा, म्हणजे प्रॉक्समॉक्समधल्या आभासी डिस्क-कंट्रोलरचा, ड्रायव्हर नसेल आणि तुम्ही डिस्क थेट त्याच कंट्रोलरला जोडली, तर निळा पडदा येतो: बूट डिव्हाइस सापडत नाही. म्हणून पहिल्यांदा साटा या विंडोजला ओळखीच्या कंट्रोलरवर उठवायचं, बाजूला १ जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडायची, ड्रायव्हर बसू द्यायचा आणि मग मूळ डिस्क बदलायची. व्हीएमवेअर टूल्स, म्हणजे व्हीएमच्या आत बसवलेलं व्हीएमवेअरचं मदतनीस सॉफ्टवेअर, व्हीएम हलवण्याआधीच काढून टाका. नंतर ते निघायला कुरकुर करतात. आयपी पत्ता जुन्या, आता न दिसणाऱ्या नेटवर्क कार्डाला चिकटून राहतो. लिनक्समध्ये कार्डाचं नाव बदलतं, ईएनएस१९२ चं ईएनएस१८ होतं, आणि सर्व्हर उठूनही कुणाला सापडत नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून हाताशी ठेवा, कारण व्हर्च्युअल टीपीएममधली, म्हणजे किल्ल्या जपणाऱ्या आभासी चिपमधली, गुपितं सोबत येत नाहीत.

सगळ्यात घातक वाक्य शेवटचं आहे: ‘जुना सर्व्हर आहेच.’ मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी हे पाहिलंय. नवी व्हीएम सोमवारी सकाळी सुरू झाली, दुपारपर्यंत चलनं निघाली, माल गेटबाहेर पडला. संध्याकाळी प्रिंटिंग अडलं म्हणून कुणीतरी जुनी व्हीएम चालू केली आणि सगळे तिच्यावर काम करू लागले. दिवसभराची चलनं तिच्यात नव्हतीच. शिवाय नंबर पुन्हा तेच पडू लागले. गेटवरच्या रजिस्टरवरून एकेक नोंद जुळवायला अकाउंट्सच्या दोन मुलींना तीन दिवस लागले, आणि चूक त्यांची नव्हती. नव्या जागी पहिली नोंद पडली की जुनी व्हीएम म्हणजे परतीचा रस्ता राहत नाही. डोमेन कंट्रोलरच्या (सगळ्यांची लॉगिन सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या) दोन प्रती एकदम चालू झाल्या तर याहून वाईट. तो हलवूच नये, नव्या जागी नवा उभा करून जुन्याकडून माहिती घेऊ द्यावी.

उत्तरायणाची सुट्टी वापरायचीच असेल तर अशी वापरा. महत्त्वाची नसलेली एखादी व्हीएम डिसेंबरातच हलवून पाहा आणि नव्या जागेवरून बॅकअप परत आणूनही बघा. १४ तारखेला मुख्य व्हीएम हलवा आणि जुन्यांचं नेटवर्क कार्ड काढून ठेवा. १५ ला, वासी उत्तरायणाला, स्टोअर, अकाउंट्स आणि गेट अशा तीन ठिकाणच्या माणसांना विनंती करून दोन तास बोलवा आणि त्यांच्याकडून खोट्या नोंदी करून, छापून, पुसून घ्या. परत फिरायचं की नाही ते त्याच संध्याकाळी ठरवा, १६ ला पहिला ट्रक आत यायच्या आधी.