कडक स्प्रिंग आणि कंजूष मी

काल भर गॅरेजात मला कंजूष ठरवण्यात आलं. गुन्हा एवढाच, की स्प्लेंडरच्या व्हॉल्व्हसाठी, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या नि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांसाठी, मी साध्या, कंपनीच्याच स्प्रिंगा मागितल्या. ‘रेसिंगच्या कडक’ नाकारल्या.

निकाल दिला सायकलमध्ये हवा भरायला आलेल्या एका काकांनी. हवा कधीच भरून झाली होती. काका स्टुलावर, हातात चहा. त्यांनी कडक स्प्रिंग अंगठ्यानं दाबून पाहिली. दबेना.

“ह्याला म्हणतात दम! जेवढी कडक, तेवढी पॉवर.”

“काका, पॉवर पेट्रोल जळून येते. कॅमचा फिरता उंचवटा व्हॉल्व्ह उघडतो; स्प्रिंगनं तो कॅमच्या मागोमाग बंद करायचा, बास.”

“गादीचं बघा. कापूस बसला की झोप लागते का?”

मेकॅनिकनं मान डोलावली. माझ्याकडे बघून नव्हे.

राग याचा, की गादी अर्धी बरोबर आहे. स्प्रिंग बसली, म्हणजे वापरून ढिली झाली, की इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांना व्हॉल्व्ह कॅम सोडून तरंगतो, गाडी अडखळते; फारच तरंगला तर पिस्टनवर आपटतो. ८००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला इंजिनाच्या ८००० फेऱ्यांना, दर दोन फेऱ्यांत एकदा याप्रमाणे तो सेकंदाला सुमारे ६७ वेळा उघडमिट करतो! पण नवी साधी स्प्रिंगही ते सहज झेपवते. ‘कडक टाकली नि गाडी पळायला लागली’ म्हणणाऱ्यांची बहुधा जुनी बसलेली असते. कडकला अर्थ आहे तो जास्त उचलीचा (व्हॉल्व्ह अधिक उघडणारा) कॅम टाकला किंवा फेऱ्या आणखी वर न्यायच्या असल्या तरच. तेव्हाही व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर वेढ्यांमध्ये एकूण किमान मिलिमीटरभर जागा उरलीय का ते बघायचं. वेढे एकमेकांना भिडले की रॉकर (कॅमचा धक्का व्हॉल्व्हला देणारी दांडी) नाहीतर कॅम गेलाच. साध्या इंजिनात कडक स्प्रिंग नुसती कॅम आणि रॉकर घासते. खर्च आपला.

“माझ्या आरएक्स हंड्रेडला टाकल्या होत्या,” काका म्हणाले. “विमान झालं होतं विमान.”

आरएक्स म्हणजे यामाहाची टू-स्ट्रोक बाईक; तिच्या इंजिनात असले व्हॉल्व्हच नसतात. हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, प्लग सोडून काही नाही. रीड व्हॉल्व्ह आहे तो कार्ब्युरेटरच्या वाटेवर, पातळ पात्यांचा. त्याला असली गुंडाळी स्प्रिंग नसतेच. हे सांगितलं तर मेकॅनिक म्हणतो, “जाऊ द्या ना साहेब, चारशे रुपयांसाठी कशाला वाद?”

आणि या भानगडीत त्यानं एक स्प्रिंग उलटी बसवली. दाट वेढे खाली, हेडकडे हवेत. जड बाजू वर ठेवली की तेवढं वजन उगाच नाचतं. ती काढून घेतली. कॉटर (स्प्रिंग व्हॉल्व्हच्या दांड्याला अडकवणाऱ्या छोट्या पाचरी) परत बसवून प्लास्टिकच्या हातोडीनं वरून दोन टिचक्या मारायला लावल्या. एक जरी कॉटर नीट बसला नसेल तर व्हॉल्व्ह थेट सिलिंडरात. ‘जास्तीचं काम’ म्हणून मजुरी वाढली. चूक कुणाची, मजुरी कुणाला!

निघताना काकांनी माझी एक जुनी स्प्रिंग खिशात टाकली, फाटकाच्या कडीला लावायला. विचारलंसुद्धा नाही. मीही ती व्हर्नियर मोजपट्टीवर आखूड, म्हणजे बसलेली, भरल्याचं सांगितलं नाही.