अजिंक्यचे अर्धे तिकीट

गेल्या मंगळवारी खानापूरहून बेळगावला येताना माझ्या 7 वर्षांच्या मुलीचे अर्धे तिकीट फाडण्यात आले. प्रश्न पैशांचा नाही, असे मी घरी आल्यापासून भेटेल त्याला सांगत आहे; पण खरे सांगायचे तर तो थोडासा पैशांचाही आहे. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेखाली राज्यातील बायका-मुलींना सरकारच्या साध्या बसमध्ये पैसे पडत नाहीत. आधार कार्ड दाखवायचे, शून्य रुपयांचे तिकीट घ्यायचे आणि जागा मिळाली तर बसायचे. माझे तिकीट शून्य रुपयांचे झाले. मुलीचे 20 रुपयांचे झाले, कारण तिचे नाव अजिंक्य आहे.

हे नाव तिला कसे मिळाले ते लवकर सांगून टाकते. माझ्या सासऱ्यांना नातूच होणार याची इतकी खात्री होती की, भांड्यांच्या दुकानात नावे घालणारा माणूस रिकामा बसलेला पाहून त्यांनी सातव्या महिन्यातच स्टीलच्या 51 वाट्यांवर ‘चि. अजिंक्यच्या बारशानिमित्त’ असे कोरून आणले. पुढे मुलगी झाली. वाट्या मोडीत घालाव्यात की गावाकडच्या कोणा भाच्याच्या बारशासाठी राखून ठेवाव्यात, यावर माझ्या खाटेशेजारी दोन दिवस चर्चा चालली. तिसऱ्या दिवशी मी म्हटले की वाट्याही ठेवा आणि नावही ठेवा. त्या वेळी मला हा फार मोठा विजय वाटला होता.

बारशाला आलेल्या गुरुजींनी पारस्कर गृह्यसूत्राचा आधार काढला. त्याप्रमाणे मुलाच्या नावातील अक्षरे सम असावीत, मुलीच्या नावातील विषम असावीत आणि मुलीच्या नावाच्या शेवटी आकार असावा. मी बोटांवर मोजून दाखवले की अ, जिं, क्य ही तीन अक्षरे होतात, तेव्हा निम्मे शास्त्र माझ्या बाजूने आहे, आणि उरलेल्या निम्म्यासाठी आमच्या घरातील तीन अक्षरी नावांचे सगळे पुरुष आधी नापास करावे लागतील. यावर गुरुजींनी पानाची तयारी झाली का असे विचारले.

तर त्या मंगळवारी आम्ही बसमध्ये चढलो. जून महिन्यात शाळेतून उवांची भेट आल्यामुळे अजिंक्यचे केस बारीक कापलेले होते आणि अंगात मामेभावाची हाफ पँट होती. आमच्या शेजारी पाटीत फणसाचे गरे घेतलेल्या एक आजी बसल्या होत्या. कंडक्टरांनी माझ्या हातातील दोन्ही कार्डे घेतली, माझे परत दिले आणि दुसरे डोळ्यांपाशी नेले.

“अजिंक्य,” त्यांनी मोठ्याने वाचले. “हुडुगा. हाफ तिकीट.”

“मुलगी आहे. खाली कन्नडमध्ये ‘महिळे’ लिहिलेले आहे, बघा.”

त्यांनी पाहिले. आधार कार्डावर छापलेल्या नावात आणि लिंगात विसंगती दिसली तर कोणत्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न त्यांनी क्षणभरही मनात घोळवला नाही. “प्रिंटिंग मिस्टेक आहे, अक्का,” ते अत्यंत सहानुभूतीने म्हणाले. “करेक्शन करून घ्या. पुढं शाळेत त्रास होतो.”

मी काही बोलणार इतक्यात माझ्या मुलीने, जिच्यासाठी मी हे सारे लढत होते, माझी ओढणी ओढून स्वच्छ आवाजात सांगितले, “आई, मी खिडकीजवळ बसतो.”

कंडक्टरांनी मशीनवरचे बोट तसेच ठेवून सगळ्या बसकडे पाहिले. “ऐकलासा? पोरगं स्वतःच सांगतंय, ‘बसतो’ म्हणून.”

येथे थोडे थांबून बाहेरच्या वाचकांना सांगितले पाहिजे की बेळगाव-खानापुराकडे आणि वर थेट कोल्हापूरपर्यंत बायका ‘मी जातो’, ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असेच बोलतात. माझी आजी तसे बोलत असे, आई बोलते आणि लिहिताना ‘मी गेले’ असे सोज्वळपणे लिहिणारी मीही घरात तसेच बोलते. पुण्याच्या एका नातेवाईकबाईंनी माझ्या आईला ‘आलो नाही, आले म्हणावे’ असे एकदा सुधारले होते; त्यानंतर आई त्यांच्याकडे आलीही नाही आणि आलोही नाही. मला वाटते हे कन्नडच्या शेजाराचे देणे असावे, कारण कन्नडमध्ये ‘नानु बंदे’ म्हणणारा माणूस पुरुष आहे की बाई हे क्रियापदावरून कळतच नाही. म्हणजे ज्या भाषेत हा भेद नाही तिच्यात वाढलेल्या कंडक्टरांनी मराठीचे लिंग अगदी पुस्तकाप्रमाणे पाठ केले होते आणि सबंध बसमध्ये शुद्ध व्याकरण जाणणारे ते एकटेच होते. त्याचे माझ्याकडून 20 रुपये गेले.

आता आजी मैदानात उतरल्या. “काय ओ कंडक्टर, मी बी ‘बसतो’ म्हणतो की! मग माझं बी तिकीट फाडा की!”

“तुमचं नाव काय, अज्जी?”

आजींनी नाव सांगितले. ते ‘व्वा’ने संपणारे, संशयाला जागा न ठेवणारे नाव होते. “बघा,” कंडक्टर म्हणाले, “नाव बायकांचं आहे, मग बसतो म्हणा नाहीतर उभा राहतो म्हणा, तिकीट झिरो.”

आजींना हे पटले, आणि येथून त्या माझ्या बाजूने राहिल्या नाहीत. “खरंच की गं बाई. असलं कसलं नाव ठेवलीस लेकराला? तारा तरी लाव की मागं. साताऱ्याला किल्ला हाय बघ, अजिंक्यतारा.”

पुढच्या बाकावरील एका गृहस्थांनी मान वळवून ‘अजिंक्या’ हे नाव सुचवले. मी त्यांना समजावले की ‘ए अजिंक्या’ अशी हाक आमच्या गल्लीत मारली तर क्रिकेट खेळणारा कोणीतरी मिसरूड फुटलेला मुलगा बॅट टाकून धावत येईल. ते म्हणाले की मग पोरीला हाकच मारू नका. हे त्यांनी विनोदाने म्हटले की सल्ला म्हणून, ते गणेबैलचा टोलनाका मागे पडला तरी मला ठरवता आले नाही.

मी कंडक्टरांच्या छातीवरील पट्टीकडे पाहिले. त्यांच्या नावात सौंदत्तीची देवी होती आणि तिच्यामागे ‘अप्पा’ जोडलेला होता. मी म्हटले, “तुम्हाला देवीचे नाव चालते. आमच्याकडे सातेरी देवीचे नाव लावणारे पुरुष गावोगाव आहेत, त्यांना कोणी झिरो तिकीट देत नाही. मग माझ्या मुलीचेच नावावरून तिकीट का?”

“देवीचं नाव म्हणजे आशीर्वाद हो, अक्का.”

“आणि आमचे नाव म्हणजे पराक्रम. कित्तूरच्या राणी चन्नम्मांनी 1824 साली इंग्रजांच्या फौजेला तोंड दिले, ते काय...”

“तलवार धरली,” कंडक्टर शांतपणे म्हणाले, “चन्नप्पा नाव घेतलं नाही.”

या वाक्याला मागच्या बाकांवरून दाद मिळाली. मला त्यावर आजपर्यंत उत्तर सुचलेले नाही, याचा राग 20 रुपयांपेक्षा अधिक आहे.

सुचले ते दुसरेच, आणि तेही उशिरा. 2011 साली सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या अडीचशेहून अधिक मुलींना एकाच वेळी नवी नावे देण्यात आली. मुलगी नको म्हणून ठेवलेले ते नाव घेऊन त्या शाळेत गेल्या, बसमध्ये बसल्या, काहींची तर लग्ने झाली. त्यांच्या कार्डावरचे नाव वाचून ‘करेक्शन करून घ्या, पुढे त्रास होतो’ असे किती कंडक्टर म्हणाले असतील? ते नाव व्याकरणाने बायकीच होते ना, आकारान्त, तीन अक्षरी, गुरुजींच्या सूत्रात चोख बसणारे.

शिवाय ज्या गावाला ही बस चालली होती त्या गावाने तरी नावावर बोलू नये. 1 नोव्हेंबर 2014 रोजी सरकारने बेळगावचे बेळगावी केले, आणि एका ईकारात चांगले धडधाकट नपुंसकलिंगी गाव एखाद्या सुनेचे नाव असावे तसे होऊन बसले. आम्ही घरात अजूनही बेळगावच म्हणतो. त्यावरून बसच्या पाट्यांना काळे फासणारेही झाले. तिथे एका अक्षरासाठी एवढे आणि इथे माझ्या पोरीच्या नावाचे अक्षर कोणीही चढता-उतरता बदलून देणार!

यातील एकही मुद्दा मी बसमध्ये मांडला नाही. मी फक्त 50 रुपयांची नोट पुढे केली आणि संतापाने ओरडले, “नको मला तुमचं करेक्शन! मी पैसे देतो आणि पुढच्या स्टॉपला उतरतो!”

“आई बी,” कंडक्टर आजींना म्हणाले.

अर्थात मी उतरले नाही, कारण पुढचा स्टॉप प्रभूनगर होता आणि पाऊस होता. माझ्या मुलीने खिडकीला नाक लावून झाडशहापूर, मच्छे असे सगळे फलक कन्नडमध्ये मोठ्याने वाचले, आणि कंडक्टरांनी प्रत्येक वेळी “शाब्बास रे” म्हणून तिचे कौतुक केले. पिरनवाडीला आजी उठल्या. पाटीतले दोन गरे तिच्या हातावर ठेवून म्हणाल्या, “जातो बघ अजिंक्ये.” संबोधनाचे हे रूप मी कोणत्याही व्याकरणात पाहिलेले नाही. मुलगी म्हणाली, “मी पण येतो की आजी तुमच्या घरला,” आणि कंडक्टरांनी माझ्याकडे नुसते पाहिले.

बसस्थानकावर उतरून रिक्षाला पैसे देताना माझ्या लक्षात आले की 50 रुपयांतले त्यांनी 20 परत दिले होते आणि सुटे नाहीत म्हणून तिकिटाच्या पाठीमागे बॉलपेनने 10 असे लिहून त्याभोवती गोल काढला होता. मी मागे वळून पाहिले तेव्हा बस पाटी बदलून परत खानापूरला निघाली होती.