चाकाच्या खुर्चीतला रेकॉर्डर : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडच्या १९७७ च्या लॉस एंजेलिसच्या मैफली एका श्रोत्याने प्रेक्षकांत बसून लपूनछपून टेप केल्या. त्या टेपांवर मी मागे लिहिलं होतं, त्यावर तुम्ही वेळ काढून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. नव्याने वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. कलाकाराला न विचारता केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे चोरी, आणि मी तिचं कौतुक केलं. नीट मिक्स केलेले लाइव्ह अल्बम बाजारात असताना खरखर आणि आरडाओरडा ऐकण्यात कसला आनंद? आणि एकाच दौऱ्याच्या सहा-सहा रात्री जमवणं ही रसिकता नव्हे, साठेबाजी.

साठेबाजीचं आधी. एखाद्या बुजुर्ग गायकाचा यमन कोणाकडे आठ वेगवेगळ्या मैफलींतला असेल, तर त्याला आपण साठेबाज म्हणत नाही. ऐकायला मिळावा म्हणून त्याच्या घरी जातो. झेपलिन २१ ते २७ जून १९७७ या आठवड्यात लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडच्या फोरम या हॉलमध्ये सहा रात्री वाजवत होते. ‘नो क्वार्टर’ हे अल्बमवर सात मिनिटांचं गाणं. त्या आठवड्यात ते वीस मिनिटांच्या पुढे जातं आणि त्यांच्या जॉन पॉल जोन्सचा पियानो रोज वेगळी वाट धरतो. एक रात्र ऐकली की बाकीच्या पाच ऐकल्यासारख्या होत नाहीत.

आता आवाजाचं. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे.

माझ्या हातात पहिली अशी टेप आली ती १९९४ साली. न्यू जर्सीहून आलेल्या मामेभावाने दोन नव्वद मिनिटांच्या कॅसेट दिल्या, वर बॉलपेनने फक्त तारीख आणि गाव. पहिली दहा मिनिटं मला तुमच्यासारखंच वाटलं. मग कान सरावले. हॉलचा घुमार, शेजारच्या माणसाचा श्वास, ड्रम सुरू होताच लोकांच्या घशातून निघालेला आवाज हे सगळं एकेक करून सुटं होत गेलं. एका गाण्याच्या ऐन मध्यावर कॅसेटची बाजू संपते आणि काही सेकंद कायमचे गेलेले असतात. त्या माणसाने अंधारात, कोणाच्या लक्षात न येता, ती बाजू बदलली असणार. मला ती जागा आजही पाठ आहे.

अधिकृत लाइव्ह अल्बम मलाही आवडतात, पण ते काय असतात तेही पाहायला हवं. झेपलिनचा १९७६ चा ‘द साँग रिमेन्स द सेम’ जुलै १९७३ च्या न्यूयॉर्कमधल्या तीन रात्रींचे तुकडे जोडून तयार झाला आहे. थिन लिझीच्या १९७८ च्या लाइव्ह अल्बमचा किती भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवला, यावर बँड आणि निर्माता यांचं कधीच एकमत झालं नाही. यात गैर काही नाही, तो त्यांचा अधिकारच आहे. पण असा अल्बम म्हणजे बँडने मागाहून निवडून-सावरून दिलेली गोष्ट. ‘त्या रात्री त्या हॉलमध्ये काय वाजलं?’ या प्रश्नाचं उत्तर तो देत नाही. आणि १९७७ च्या झेपलिन दौऱ्याचा तर तसाही अधिकृत अल्बम नाही. त्या वर्षानंतर या बँडने अमेरिकेचा दौरा पुन्हा केला नाही.

पिंक फ्लॉइड या दुसऱ्या ब्रिटिश बँडचं उदाहरण घ्या. त्यांचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३ मध्ये आला, पण ते अख्खं काम फेब्रुवारी १९७२ मध्ये लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये लोकांपुढे वाजलं होतं. त्या मैफलीच्या टेपमध्ये ‘द ग्रेट गिग इन द स्काय’च्या जागी अल्बमवरची गायिका क्लेअर टॉरी हिचा आवाज नाही. तिने तो जानेवारी १९७३ मध्ये गायला. तिथे ऑर्गन आहे आणि त्यावर बायबलमधल्या उताऱ्यांचं वाचन. ‘ऑन द रन’च्या जागी सिंथेसायझर नाही, गिटार आणि कीबोर्डची मुक्त उधळण आहे. ही टेप नसती तर एवढं मोठं काम कच्चं असताना कसं होतं हे आपल्याला निव्वळ वर्णनांवरून समजून घ्यावं लागलं असतं.

फ्लॉइडची मॉन्ट्रियलची ६ जुलै १९७७ ची रात्रही तशीच. बँडचा रॉजर वॉटर्स त्या रात्री एका चाहत्यावर थुंकला, आणि त्याच अस्वस्थतेतून पुढे ‘द वॉल’ हा अल्बम उभा राहिला, हे त्याने स्वतः अनेकदा सांगितलं आहे. प्रेक्षकांतून केलेल्या टेपवर थुंकणं ऐकू येत नाही. ऐकू येतात ते फटाके, आणि एक हळुवार गाणं थांबवून लोकांवर चिडलेला वॉटर्स. त्या चिडण्यातला थकवा कुठल्याही मुलाखतीत नाही.

चोरीचा मुद्दा सगळ्यांत कठीण, आणि त्यात तुमचं बरंचसं खरं आहे. कलाकाराने आपली चुकलेली रात्र जगापुढे येऊ नये असं म्हटलं, तर त्याला ‘तुझी चूक इतिहासासाठी मोलाची आहे’ एवढंच सांगणं पुरेसं नाही, हे मला कळतं. १९६९ च्या नोव्हेंबरात ओकलंडला रोलिंग स्टोन्सची मैफल कोणीतरी प्रेक्षकांत बसून टिपली आणि महिनाभरात तिची तबकडी दुकानांत विकायला आली. बँडला त्यातला छदामही मिळाला नाही. अशा तबकड्या छापून विकणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही.

बँडच्या कपाटातून बाहेर पडलेल्या टेपांचीही घेणार नाही. झेपलिनचे पेज आणि प्लांट यांनी १९७२ मध्ये आपल्या मुंबईत इथल्या वादकांबरोबर ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ वाजवून पाहिली. ते स्टुडिओतलं काम २०१५ मध्ये अधिकृतपणे येईपर्यंत सगळ्यांनी बूटलेगवरच, म्हणजे बिनपरवाना कॉपीवरच, ऐकलं, मीही ऐकलं. तिथे तुमचा ‘चोरी’ हा शब्द मला मान्य आहे. ते त्यांनी कोणाला ऐकवलेलंच नव्हतं.

पण तिकीट काढून आलेल्या हजारो लोकांपुढे जे वाजलं, ते त्यांच्यातल्या एकाने टिपून ठेवलं आणि पैसे न घेता दुसऱ्याला दिलं, हे मी त्याच तराजूत घालू शकत नाही. देवघेवीचा जुना शिरस्ता असा : तुम्ही कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवायचं, समोरच्याने कॉपी करून द्यायची, विकायची कोणीच नाही. ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडने तर १९८४ मध्ये टेप करणाऱ्यांना हॉलमध्ये वेगळी जागाच दिली.

मी ज्या टेपांवर लिहिलं त्या माईक मिलार्डच्या. त्याला चालता येत होतं, तरी तो चाकाच्या खुर्चीत बसून आत जायचा, कारण जडसा नाकामिची रेकॉर्डर त्या खुर्चीत लपायचा. तो १९९४ मध्ये वारला. मूळ टेपा त्याने नष्ट केल्याची अफवा बरीच वर्षं होती, ती खोटी निघाली. डिसेंबर २०२५ मध्ये पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमची पन्नाशीची आवृत्ती आली. तिच्यात २६ एप्रिल १९७५ ची लॉस एंजेलिसची अख्खी मैफल आहे, ती मिलार्डच्याच टेपवरून, संगीतकार स्टीव्हन विल्सनने साफ केलेली. फ्लॉइडने मिलार्डच्या टेपवर स्वतःचं नाव घातलं. यावरून १९७५ साली त्याने परवानगी घेतली होती असं होत नाही. पण त्या खुर्चीत बसलेल्या माणसाला चोर म्हणताना माझी जीभ अडते.

एका बाबतीत मात्र तुम्ही मला बरोबर पकडलंत. मूळ लेखात मी फोरमच्या २१ जूनच्या मैफलीची छापील बूटलेग सीडी कुठे विकत मिळते ते लिहिलं होतं. तशी एक सीडी मी १९९८ साली स्वतः घेतली होती, तेव्हा विचार केला नाही. विकणाऱ्याकडे वाट दाखवण्याचं मला काही कारण नव्हतं. ती ओळ आज काढली आहे. मिलार्डच्या टेपा आता त्याच्या मित्रांच्या पुढाकाराने फुकट ऐकायला मिळतात, तेवढंच तिथे ठेवलं आहे.