अंगणात थिमेट टाकू नका! मांजरींच्या त्या मेसेजला उत्तर

नागपुरात काटोल रोड, दाभा, गोरेवाडा या बाजूच्या कॉलन्यांत सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: भटक्या मांजरींना खाऊ घालणं बंद केलं की त्या आठ दिवसांत निघून जातात. घालायचंच असेल तर रात्री भांडं भरून ठेवा आणि भोवती थिमेट किंवा डांबरगोळ्या टाका, म्हणजे उदमांजर, मुंगूस, साप फिरकत नाहीत. मांजरींमुळे बिबट्या येतो. आणि तसंही उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं खाऊ घालायला बंदीच केली आहे. शेजारच्या काकूंनी हे वाचून विचारलं, “थिमेट कुठी भेटते?” तेव्हा आता गप्प बसणं शक्य नाही.

थिमेट म्हणजे फोरेट. हे शेतात वापरायचं जहाल कीटकनाशक होतं आणि ३१ डिसेंबर २०२० पासून देशात त्यावर बंदी आहे. कुणाकडे जुनी पुडी पडलेली असेल, तरी ती अंगणात टाकायची वस्तू नव्हे. त्याचे दाणे मांजरीच्या पंजांना, पोटाच्या केसांना चिकटतात. मांजर दिवसभर अंग चाटते, म्हणजे भांड्याला तोंड न लावताही विष पोटात जातं. ते कातडीतूनही भिनतं. आधी लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, मग अंग थरथरतं आणि श्वास अडकतो. दाणे टिपणारा सातभाई मरतो, अंगणात रांगणाऱ्या पोराच्या हातालाही तेच लागतं. पाऊस आला की उरलेलं मातीत आणि जुन्या घरांच्या विहिरीत. असं मांजर दिसलं तर दूध किंवा मिठाचं पाणी पाजत बसू नका. थेट जनावरांच्या डॉक्टरकडे न्या आणि ‘फोरेट’ हे नाव सांगा, कारण त्यावर अ‍ॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं, पण ते वेळेत द्यावं लागतं. डांबरगोळ्याही मांजरीला विषारीच. साप मात्र त्यांच्या वासानं पळत नाही.

आणि मुळात उदमांजर बोलावतं कोण? रात्रभर भरलेलं भांडंच. उदमांजर हे मांजर नाही, त्याचं कूळ वेगळं. ते निशाचर आहे, झाडावर आणि पाइपवर सहज चढतं, म्हणून भांडं उंच ओट्यावर ठेवून काही साधत नाही. मुंगूस दिवसा फिरतो, म्हणून नुसती वेळ बदलूनही भागत नाही. उपाय एकच: समोर उभं राहून घाला, वीस-पंचवीस मिनिटांत उरलेलं उचला, फरशी धुऊन काढा. चार किलोच्या मांजरीला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम कोरडं खाद्य पुरतं. निम्मं सकाळी सहाला, निम्मं अंधार पडायच्या आत. मांजरींना वेळ कळायला आठ-दहा दिवस लागतात. तोवर एखादीचं जेवण चुकेल, पण म्हणून भांडं मागे ठेवून जाऊ नका. मुंग्यांसाठी भांड्याखाली पाण्याची परात. मे महिन्यात शिजवलेलं चिकन तासाभरात आंबतं, तेव्हा घालायचं तेवढंच काढा. दूध नकोच, बहुतेक मोठ्या मांजरींना ते पचत नाही.

खाणं बंद केल्यावर मांजरी निघून जातात हेही खोटं. त्या कचऱ्यावर जातात, खारी आणि बुलबुलाची पिल्लं मारतात. संख्या कमी होते ती नसबंदीनं. मादी चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत विते. नसबंदीसाठी मांजर पकडायचा पिंजरा दिवसा, नजरेसमोर लावा. रात्री लावलात तर सकाळी आत उदमांजर सापडेल. तसं झालंच तर पिंजऱ्यावर चादर टाका, मागून दार उघडा, दूर व्हा. मुंगूस चावला तर जखम साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्या.

खंडपीठाचा ऑक्टोबर २०२२ चा आदेश भटक्या कुत्र्यांबद्दल होता आणि ‘खाऊ घालणाऱ्यांनी कुत्री दत्तक घ्यावीत’ या भागाला सर्वोच्च न्यायालयानं पुढच्याच महिन्यात स्थगिती दिली. मांजरींसाठी पाहायचं ते केंद्राच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत. वस्तीत जन्मलेला, कुणी मालकी न सांगितलेला प्राणी म्हणजे ‘सामुदायिक प्राणी’. वन्यप्राणी त्यातून वगळलेत. नियम २० प्रमाणे खाऊ घालण्याची जागा सोसायटीनं ठरवायची, जिने, फाटक आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून दूर. घाण करायची नाही. बंदी यात कुठंही नाही.

मेसेजमधलं बिबट्याबद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. मे २०२१ मध्ये तो आयटी पार्कजवळच्या गायत्रीनगरपर्यंत आला होता. उघड्यावरचं उष्टं कुत्री ओढतं, आणि कुत्री, मांजरी दोन्ही बिबट्याचं भक्ष्य. पण तो धोका उष्ट्याचा आहे, उचललेल्या भांड्याचा नाही. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ फिरवा.

ज्यांनी थिमेट आधीच टाकलंय त्यांनी पाणी मारू नका. रबरी हातमोजे आणि मास्क घालून वरची इंचभर माती खरवडा, दुहेरी पिशवीत बांधा, घंटागाडीवाल्याला वेगळी दाखवून द्या. जाळू नका. माती काढून होईपर्यंत मुलं आणि मांजरी तिकडे फिरकता कामा नयेत.