ठोकलेली बॉक्सस्टर नीट पारखून कशी घ्यावी

नव्या बॉक्सस्टरला, म्हणजे पोर्शेच्या उघड्या छपराच्या दोन सीटांच्या गाडीला, लागणारे पैसे तुमच्याकडे नाहीत आणि चांगली जुनी शोधायला लागणारा धीर नाही. म्हणजे ठोकल्यावर दुरुस्त करून उभी केलेली बॉक्सस्टर घ्यायला लागणारे दोन्ही गुण तुमच्यात आहेत. उरलं फक्त तंत्र. २०१२ ते २०१६ मधली, पोर्शेवाले जिला ९८१ म्हणतात ती गाडी समोर धरून चालू.

कागदांची आधीच काळजी नको. अमेरिकेत विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं न परवडणारी, ठरवलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर सहसा तसा शिक्का बसतो आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाला दिसतो. आपल्याकडे आरसी सहसा स्वच्छ असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी टोटल लॉस धरतात. पाचव्या वर्षी ही आयडीव्ही निम्म्यावर आलेली असते. एक कोटीची गाडी ५० लाखांवर आली, तर साडेसदतीस लाखांचं एस्टिमेट पुरतं. दोन हेडलाइट, रेडिएटर, एअरबॅगा आणि पुढचा सांगाडा कंपनीच्या भावाने लिहायला घेतला, तर हा आकडा गाठण्यासाठी गाडीचा चुराडा व्हावा लागत नाही.

मग गाडी लिलावात जाते. विमा कंपनीला जी दुरुस्ती परवडली नाही, ती लिलावात गाडी घेणाऱ्याला परवडते. शिवाय त्याला नफा सुटतो, मधल्या दलालाला कमिशन सुटतं आणि तुम्हाला गाडी बाजारभावापेक्षा चार-पाच लाखांनी स्वस्त पडते. इतक्या लोकांचं भलं करणारे हे पैसे कुठून वाचले, असा कोता प्रश्न डोक्यात येऊ देऊ नये. डीलर म्हणेल, “साहेब, डॉक्टरांची गाडी. जरासं टचिंग आहे, मेजर काही नाही.” मान डोलवावी.

गाडी संध्याकाळी सातनंतर, बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली आणि नुकतीच धुतलेली बघावी. दुपारच्या उन्हात दार आणि फेंडर यांच्या सिल्व्हरमधला फरक उगाच डोळ्यांवर येतो. धुतलेल्या गाडीखाली तेलाचा किंवा कूलंटचा ओघळ नसतो, त्यामुळे मन प्रसन्न राहतं.

सोबत गाड्यांतलं कळणारा एक मित्र हवाच. त्याने खिशातून फ्रिजवरचं लोहचुंबक काढून दाराला लावावं. ते खाली पडेल. “लांबी (पुट्टी) भरलीय!” असं तो ओरडेल आणि डीलर शांतपणे सांगेल की ९८१ ची दारं, पुढचं-मागचं झाकण आणि पुढचा बराचसा सांगाडा ॲल्युमिनियमचा आहे. हे अगदी खरं आहे. मित्र खजील होऊन पुढे तासभर गप्प बसेल. तुम्हाला मित्राकडून हवं होतं ते एवढंच. जिथे पत्रा लोखंडी आहे आणि चुंबक काही बोललं असतं, तिथे आता तो ते लावणार नाही.

पेंट मोजायचं यंत्र आणणारा मित्र मात्र टाळा, विशेषतः लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन्ही वाचणारं यंत्र त्याच्याकडे असेल तर. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्यावर पुन्हा रंग चढवला की आकडा २००-३०० च्या घरात जातो, आणि ५०० च्या पुढे गेला की खाली लांबी आहे. असा माणूस एका जागी मोजून थांबत नाही. डावं दार आणि उजवं दार, एकाच पॅनलचे चारही कोपरे, असं ताडून पाहत बसतो. बंपर प्लास्टिकचे असल्याने तिथे यंत्राला काही कळत नाही. तेवढ्याच भागाची तपासणी त्याला करू द्यावी.

अख्खं पॅनल बदललं असेल तर आकडे सुंदर येतात, म्हणून बोल्टांकडे पाहू नका. बिजागऱ्या आणि फेंडरचे बोल्ट कंपनीत बॉडीबरोबरच रंगवलेले असतात. पाना लागला की कडांवरचा रंग उडतो. पुढच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चासी नंबर, रंगाचा कोड आणि ऑप्शनचे कोड छापलेलं स्टिकर असतं. ते नसेल तर झाकण बहुधा दुसऱ्या गाडीचं आहे. डीलर म्हणेल, धुताना निघालं. पटवून घ्या.

पुढची डिकी हा या व्यवहारातला सगळ्यात नाजूक भाग. ती उघडू नये यासाठी निसर्गानेच सोय केली आहे. तिचं कुलूप विजेवर चालतं आणि बॅटरी तिच्याच आत आहे. “बॅटरी उतरलीय, उद्या उघडून दाखवतो,” हे वाक्य म्हणूनच इतकं खरं वाटतं. पायाशी असलेल्या फ्यूजबॉक्समध्ये बाहेर ओढता येणारं एक लाल टर्मिनल असतं. त्याला दुसऱ्या बॅटरीचा प्लस आणि दाराच्या लॉकच्या लोखंडी कडीला मायनस जोडला की झाकण किल्लीवर उघडतं. हे तुम्हाला माहीत असल्याचं दाखवू नका.

चुकून उघडलीच, तर खालचं कार्पेट उचलू नका. कंपनीचे जोड रिव्हेट आणि गोंदाचे असतात, त्यावरची सीलरची रेघ यंत्राने ओढलेली, एकसारखी. गॅरेजमधला सीलर बोटाने फासलेला असतो, आणि जिथे रिव्हेट असायला हवं तिथे वेल्डिंगचा फुगवटा दिसतो. लोखंडी पत्रा तापवून ओढण्यात आयुष्य गेलेल्या डेंटरला ॲल्युमिनियमही तसंच वाटतं. ते तापवलं की मऊ पडतं आणि पुढच्या धडकेत जो भाग ठरावीक रीतीने चेपून तुमचे पाय वाचवणार, तो मनाला येईल तसा चेपतो. शिवाय शेजारीच लोखंड घासणारा ग्राइंडर चालू असेल, तर त्याचा कीस ॲल्युमिनियममध्ये रुतून बसतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत एक-दोन पावसाळे गेले की रंगाखाली फोड येतात. तोवर डीलरचा नंबर बदललेला असतो. पैसे वाचले त्यातले बरेचसे इथेच.

“इंजिन सीटच्या मागे आहे साहेब, पुढून ठोकल्याने इंजिनला काय होणार?” या वाक्याला दाद द्या. इंजिन मागे आहे, पण ते थंड ठेवणारे रेडिएटर पुढच्या चाकांसमोर, बंपरच्या दोन्ही जाळ्यांच्या आत आहेत. काही गाड्यांत मधोमध तिसराही. त्यांच्यापुढे एसीचे कंडेन्सर. तिथून इंजिनापर्यंतचे पाइप गाडीच्या पोटाखालून जातात. म्हणजे बंपरला बसलेला ‘टचिंग’ धक्का थेट इंजिनाच्या तब्येतीवर जातो. नवे रेडिएटर घातले तरी एवढ्या लांबच्या नळ्यांत कूलंट नुसता ओतून भागत नाही. आधी व्हॅक्यूम करून हवा काढावी लागते. ती राहिली की गाडी मोकळ्या रस्त्यावर गुणी असते आणि सायनच्या ट्रॅफिकमध्ये तापते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी सातला, दहा मिनिटांची घ्यावी. एसी लावून अर्धा तास जागेवर उभी ठेवायचा हट्ट धरणारी माणसं चांगल्या सौद्याला मुकतात.

एअरबॅगचा दिवा हा श्रद्धेचा विषय. इग्निशन चालू केल्यावर तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. मुळीच पेटला नाही, तर त्याचा बंदोबस्त झालेला आहे. शिस्तीत पेटून विझला, तरी उडालेल्या एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर बसवून कंट्रोल युनिटला फसवता येतं. या गाडीत समोरच्या दोन एअरबॅगांशिवाय दारांत आणि सीटच्या कुशीत मिळून आणखी चार एअरबॅगा आहेत. वाचलेल्या पैशांचा हिशेब तुम्हीच करा. नाहीतर करू नका. पोर्शेचा स्कॅनर लावून युनिटमधला क्रॅश डेटा वाचणं, बेल्टच्या बुडाशी शिवलेल्या लेबलावरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळवणं, काचांच्या कोपऱ्यातले कोड पाहणं, हे सगळं संशयी स्वभावाचं लक्षण आहे. तोच स्कॅनर इंजिन एकूण किती तास चाललं तेही सांगतो. मीटरवर १८,००० किलोमीटर आणि इंजिनाचे १,५०० तास असतील, तर सरासरी वेग ताशी १२ निघतो. यावर “मुंबईचं ट्रॅफिक” हे उत्तर तयारच आहे, आणि गंमत म्हणजे ते कधीकधी खरंही असतं.

छप्पर एकदाच उघडून बंद करून बघा, तेही डीलरच्या हातून. ९ सेकंदांत ते सरकतं ते पाहून भान हरपतं. त्या भरात काचेच्या चौकटीपाशी लॉक बसताना छप्पर किंचित तिरकं येतं, दाराची काच रबरावर एका टोकाला कमी दाबते, हे दिसत नाही. सांगाडा पिळला असेल तर ते इथे दिसतं. पहिल्या पावसात सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक्सलाही दिसेल.

टायर नवे असतील तर आनंद माना. पुढे २३५, मागे २६५ रुंदीचे टायर नुकतेच बदललेत, म्हणजे जुन्यांच्या आतल्या कडा कशा झिजल्या होत्या ते कोणालाच कळणार नाही. अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट मागू नका. सबफ्रेम, म्हणजे चाकांचं सस्पेन्शन धरणारी चौकट, सरकली असेल तर कितीही ॲडजस्ट केलं तरी एखाद्या चाकाचा आकडा लालच राहतो.

शेवटी पॉलिसी. आधीच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस शून्य असेल, तर बहुधा क्लेम झालाय. ५० टक्के असेल तर पाच वर्षांत क्लेम नाही, म्हणजे गाडी अस्पर्श, असं समजून निश्चिंत व्हावं. क्लेम न करता बाहेरच्या बाहेर दुरुस्त केलेल्या गाडीवरही तोच ५० टक्के असतो, पण प्रत्येक गोष्टीत वाईट बघू नये. तो बोनस तसाही विकणाऱ्याचा, गाडीबरोबर तुमच्याकडे येत नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या की पॉलिसी नावावर करायला १४ दिवस असतात. ते विसरलात, तर थर्ड पार्टी चालू राहील, पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकेल. टोकन रोख द्या, पावती मागू नका, आणि “गाडी पाहून, तपासून, आहे तशी घेतली” या ओळीखाली मात्र सही ठसठशीत करा. डीलर तेवढ्यासाठी स्वतःचं पेन देतो.