मल्टिप्लायरला हात न लावता ओव्हरक्लॉकिंग? एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली तेव्हा चिडलो होतो. संध्याकाळी पुन्हा वाचली तेव्हा तिच्यातला एक मुद्दा बिनतोड आहे हे मान्य करावं लागलं. बाकीचे अजूनही पटलेले नाहीत.

इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. (ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवणं. बेस क्लॉक, म्हणजे मूळ घड्याळ, गुणिले मल्टिप्लायर हा प्रोसेसरचा वेग.) ‘ओव्हरक्लॉकिंगसाठी स्वस्त प्रोसेसर’ असा मथळा देऊन मी एएमडीचा रायझन ५ ५६०० सुचवला आणि वर ‘मल्टिप्लायरच्या नादी लागू नका’ असंही लिहिलं. तुमच्या मते ही वाचकांची फसवणूक आहे. इंटेलचे मोकळ्या मल्टिप्लायरचे ‘के’ प्रोसेसर आणि बेस क्लॉक वाढवून पळवलेला इंटेलचाच १२४००, यांचं मी नावही घेतलं नाही. व्होल्टेजचा बागुलबुवा दाखवला. ‘बी सीरिजचा कुठलाही बोर्ड चालेल’ हे वाक्य तुम्हाला बेजबाबदार वाटलं. पुरावा म्हणून तुम्ही स्वतःच्या ५६०० चा स्क्रीनशॉट जोडलाय: सगळे कोअर ४.७ गिगाहर्ट्झवर, १.४ व्होल्ट. ‘घाबरटांनी ओव्हरक्लॉकिंगवर लिहू नये’ हे शेवटचं वाक्य सोडून देतो.

आधी मदरबोर्ड, कारण तिथे चूक माझी आहे. ते वाक्य मी एएमडीचे बोर्ड डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं, पण तसं म्हटलं नाही. एएमडीत बी३५०, बी४५०, बी५५० या चिपसेटवर (बोर्डावरची नियंत्रक चिप) प्रोसेसर ओव्हरक्लॉक करता येतो. ए३२० आणि ए५२० वर येत नाही. इंटेलमध्ये मल्टिप्लायर वाढवायला ‘के’ प्रोसेसर आणि झेड चिपसेट दोन्ही लागतात. बी५६० पासून पुढच्या बी बोर्डांवर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा मल्टिप्लायर नाही. म्हणजे माझं वाक्य वाचून कोणी ‘के’ प्रोसेसरसोबत बी६६० घेतला असता, तर त्याने मला शिव्या घातल्या असत्या आणि त्या रास्तच असत्या. शिवाय बी५५० बी५५० मध्येही फरक असतो. व्हीआरएमवर (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा भाग) हीटसिंकच नसलेला बोर्ड आणि भरभक्कम हीटसिंकचा बोर्ड एकाच चिपसेटच्या नावाने विकले जातात. ते वाक्य मी बदललं आहे.

आता मुख्य भांडण. ‘स्वस्त प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा’ ही कल्पना आपल्या डोक्यात कुठून आली, ते बघितलं तर आपला मतभेद कुठे आहे ते कळेल. १९९८ चा सेलेरॉन ३००ए घ्या. मल्टिप्लायर ४.५ वर पक्का, बस (तेव्हाचा बेस क्लॉक) ६६ मेगाहर्ट्झ, म्हणून ३००. बस १०० वर नेली की थेट ४५०. वर त्याची १२८ केबीची एल२ कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चालायची, आणि कितीतरी महाग असलेल्या पेंटियम टू ४५० ची ५१२ केबी कॅश अर्ध्या वेगाने. दरिद्र्याच्या घरी राजाचा घोडा! माझा स्वतःचा पहिला असा प्रोसेसर २००७ मधला पेंटियम ई२१६० होता. २०० गुणिले ९, म्हणजे १.८ गिगाहर्ट्झ. बस ३३३ केली आणि तो ३ वर धावायला लागला. दोनतृतीयांश वेग फुकट. त्या रात्री झोप लागली नव्हती.

तो वेग फुकट का मिळत होता? कारण कंपनी चांगली चिप मुद्दाम कमी वेगाच्या शिक्क्याने विकत होती. स्वस्त प्रोसेसरना मागणी मोठी, आणि तेवढ्या खरोखर मंद चिपा कारखान्यात निघतच नव्हत्या. आपण शिक्का खरवडून काढत होतो, एवढंच.

आज तसं राहिलेलं नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं २०११ मधलं. सँडी ब्रिज पिढीपासून इंटेलने बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झवर आणला आणि त्याच घड्याळावर पीसीआय एक्सप्रेस (ग्राफिक्स कार्डाची जोडणी), साटा (डिस्कची जोडणी) सगळं बांधलं. ते थोडंफार सरकवलं तरी डिस्क रुसायची. मग उरला मल्टिप्लायर, आणि तो फक्त ‘के’ला मोकळा. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: बूस्ट. प्रोसेसर आता स्वतःच तापमान, वॅट आणि करंट बघून क्षणाक्षणाला वेग वाढवतो. ५६०० चा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ, पण खोक्यातून काढल्या काढल्या तो ४.४ पर्यंत जातो. पूर्वी जो वेग आपण रात्री जागून काढत होतो, तो आता कारखान्यातच काढून विकला जातो. आपल्यासाठी तळाशी राहिलेली खरवड उरते.

‘के’ प्रोसेसर मी का वगळले? कारण तळाच्या किमतीत ते जवळजवळ कधी नव्हतेच. दोन अपवाद आठवतात. २०१४ चा पेंटियम जी३२५८: दोन कोअर, मल्टिप्लायर मोकळा, ३.२ वरून ४ च्या पुढे सहज. गंमत म्हणून झकास, पण त्याच वर्षाच्या शेवटी चार थ्रेडशिवाय (थ्रेड म्हणजे एका वेळी हाताळता येणारं काम) सुरूच न होणारे गेम आले, आणि दोन कोअर साडेचारवर पळवूनही उपयोग शून्य. मग २०१७ च्या जानेवारीत कोअर आय३ ७३५०के आला. दोन कोअर, चार थ्रेड, ४.२ गिगाहर्ट्झ. किंमत चार खऱ्या कोअरच्या आय५ ७४०० च्या जेमतेम खाली. वर त्याला झेड बोर्ड हवा आणि दमदार कूलर हवा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिवाय तीनच महिन्यांत सहा कोअर आणि बारा थ्रेडचा रायझन ५ १६०० आला, मल्टिप्लायर मोकळा आणि बी३५० वर चालणारा. विषय संपला. अलीकडच्या पिढ्यांत तर ‘के’ हे अक्षर आय५ पासूनच सुरू होतं.

१२४०० बद्दल तुम्ही म्हणता ते खोटं नाही. ज्या मोजक्या बोर्डांवर वेगळा क्लॉक जनरेटर (बेस क्लॉक तयार करणारी चिप) आहे, त्यांच्यावर तो बेस क्लॉक वाढवून ५ गिगाहर्ट्झच्या पुढे नेला गेलाय. मीही ते व्हिडिओ तोंडात बोट घालून बघितले. पण त्यातले सुरुवातीचे बोर्ड प्रोसेसरपेक्षा महाग होते, आणि इंटेलने हे अधिकृत नाही, नुकसान होऊ शकतं, असं स्पष्ट सांगितलं होतं. असाच दरवाजा इंटेलच्या स्कायलेक पिढीच्या वेळी उघडला होता आणि २०१६ च्या सुरुवातीला मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतला, अपडेट होणारा प्रोग्राम) बंद झाला. बायोसचं (बोर्डाचा मूळ प्रोग्राम) पुढचं अपडेट घ्यायचं की नाही या विवंचनेत राहणारा संगणक मी नवख्याला सुचवणार नाही. तुम्हाला सुचवेन, तुम्ही नवखे नाही.

माझा हिशेब साधा आहे. प्रोसेसर, बोर्ड आणि कूलर यांची एकत्र किंमत काढायची आणि तेवढ्यात वरच्या पायरीचा प्रोसेसर साध्या बोर्डावर बसतो का, ते बघायचं. बसत असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा हट्ट हौसेचा आहे. हौसेला माझी ना नाही. फक्त तिला बचत म्हणू नये. (जुन्या बाजारातल्या ‘के’ प्रोसेसरबद्दल एका ओळीत: ७७००के अजून पळतो, पण विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो नाही.)

व्होल्टेजकडे येऊ. तुम्ही लिहिलंय, ‘दोन वर्षं १.४ वर आहे, काही झालेलं नाही.’ न होवो. पण गणित बघा. चिपची वीज साधारणपणे व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि क्लॉकच्या प्रमाणात वाढते. ४.२ वरून ४.६ म्हणजे साडेनऊ टक्के वेग. त्यासाठी व्होल्टेज १.२ वरून १.३५ न्यावं लागलं, तर वर्गामुळे जवळपास २७ टक्के आणि क्लॉकमुळे साडेनऊ; गुणाकार केला की जवळजवळ ३९ टक्के जास्त वीज. आणि तो साडेनऊ टक्के वेग गेममध्ये दिसेलच असं नाही, कारण मध्यम ग्राफिक्स कार्डावर बहुतेक वेळा प्रोसेसरच कार्डाची वाट बघत बसलेला असतो.

‘काही झालेलं नाही’ या युक्तिवादाचं काय होतं ते २०२४ मध्ये दिसलं. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीचे कित्येक प्रोसेसर वर्षभर बरे चालले आणि मग गेम उघडताना कोसळू लागले. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत गेल्याने चिपला लागणारं किमान व्होल्टेजच हळूहळू वर सरकलं होतं. मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली, पण झिजलेली चिप काही परत तरुण होत नाही. आणि यातल्या अनेकांनी ओव्हरक्लॉकचं बटण दाबलंही नव्हतं!

मग ५६०० घेऊन करायचं काय? इथे मी मूळ लेखात घाई केली, ते आता सविस्तर लिहितो. झेन ३ मध्ये, म्हणजे ५६०० च्या रचनेत, प्रोसेसरच्या आतली जोडवाहिनी, म्हणजे इन्फिनिटी फॅब्रिक, रॅमच्या घड्याळाबरोबर एकास एक चालली तर उत्तम. डीडीआर४ ३६०० ची रॅम १८०० मेगाहर्ट्झवर चालते (दर ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, म्हणून ३६००), आणि फॅब्रिक १८०० ला सहसा कुरकुर करत नाही. त्याच्या फार पुढे गेलात की दोघांची जोडी तुटते आणि रॅम आकड्यात वेगवान, पण प्रत्यक्षात उशिरा उत्तर देणारी होते. नंतर बायोसमध्ये पीबीओ (एएमडीची बूस्टच्या मर्यादा सैल करणारी सोय) चालू करायचं, आणि त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोअरला उणे आकडा द्यायचा. मर्यादा उणे ३० ची आहे; उणे १० पासून सुरुवात करा. म्हणजे त्याच वेगाला कमी व्होल्टेज. वाचलेल्या वॅटमध्ये प्रोसेसर स्वतःच जास्त वेळ वर राहतो. हवं तर बूस्टची मर्यादा २०० मेगाहर्ट्झने वाढवा. मल्टिप्लायर अख्ख्या चिपला एकाच वेगावर बांधतो. हा मार्ग चांगल्या कोअरला चांगलं आणि रडक्या कोअरला रडकं वागू देतो.

हेही डोळे मिटून करू नये. व्होल्टेज फार कमी केलं तर प्रोसेसर दरवेळी कोसळतोच असं नाही, कधी गुपचूप मंदावतो, पडद्यावर ४.६ दिसतं आणि काम त्याहून कमी वेगाचं होतं. म्हणून एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममधला ‘इफेक्टिव्ह क्लॉक’, म्हणजे खरा वेग, बघा. रॅमचंही तेच: एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर २०२३ मध्ये एक्स्पो (रॅमचं तयार वेगवान सेटिंग) चालू करताच काही बोर्ड एसओसीला (प्रोसेसरमधला, रॅम सांभाळणारा भाग) इतकं व्होल्टेज देत होते की चिपा जळाल्या, आणि एएमडीला १.३ व्होल्टची मर्यादा घालावी लागली.

आणि चाचणी. तो ई२१६० मी दोन तास प्राइम९५ या चाचणी प्रोग्रामवर तापवला, पास झाला म्हणून मिरवला. महिन्याभराने जुन्या फोटोंच्या झिप फाइल उघडेनात, सीआरसीची चूक, म्हणजे फाइलमधला डेटा बिघडलेला. प्रोसेसर ठणठणीत होता. बस वाढवताना रॅमही वाढली होती आणि ती अधूनमधून एखादा बिट गिळत होती. मी रॅम तपासणारा मेमटेस्ट चालवलाच नव्हता. अर्धे फोटो गेले ते गेलेच. तेव्हापासून रात्रभर मेमटेस्ट, आणि नंतरही आठवड्याभराने विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईएच्या (हार्डवेअरच्या चुकांच्या) नोंदी बघतो. याला घाबरटपणा म्हणायचं असेल तर म्हणा.

आता तुमच्या स्क्रीनशॉटबद्दल. ४.७ गिगाहर्ट्झ सगळ्या कोअरवर, ही चिप खरंच चांगली निघालीय, माझी इतकी जात नाही. पण त्याच चित्रात सीपीयू-झेडची (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारा प्रोग्राम) मेमरीची खिडकीही उघडी आहे. ड्रॅम फ्रीक्वेन्सी १३३३. म्हणजे रॅम २६६६ वर चाललीय. आणि बाजूला एसपीडीच्या (रॅमवर नोंदलेली तिची माहिती) खिडकीत एक्सएमपी-३६००, म्हणजे रॅमचं तयार वेगवान सेटिंग, स्पष्ट लिहिलेलं दिसतंय. दोन वर्षं प्रोसेसरला १.४ व्होल्ट पाजताय आणि बायोसमधलं एक्सएमपी बंद आहे!

मल्टिप्लायर ऑटोवर टाका, एक्सएमपी चालू करा, फॅब्रिक १८०० आहे ना ते बघा, कर्व्ह उणे १५ ठेवा आणि तुमच्या नेहमीच्या गेममध्ये त्याच जागी उभं राहून दोन्ही वेळचे फ्रेम मोजा. ४.७ वालं सेटिंग बायोसच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. माझं चुकलं तर ते परत लोड करा, आणि दोन्ही आकडे इथे टाका. मी ते मूळ लेखात तुमच्या नावाने जोडतो.